एक इंग्रजी शब्द मुळापासून कसा शिकावा : ‘फाइन’ हातात घेऊन

पुण्यातल्या नोकरीचा माझा तिसरा आठवडा होता. मँचेस्टरहून आलेली एक सहकारी आमच्या टेबलाशी बसली होती. तिचा चहा संपला. मी किटली पुढे करून विचारलं, आणखी घेणार का? ती हसून म्हणाली, “आय अ‍ॅम फाइन, थँक्स.” मला वाटलं, बाई तब्येत बरी असल्याचं सांगतेय. चांगलंच आहे की! मी कप भरला. तिने निमूटपणे प्यायला. दहा मिनिटांनी मी पुन्हा विचारलं, ती पुन्हा तेच म्हणाली आणि मी पुन्हा ओतला. तिसऱ्या वेळी शेजारच्या सहकाऱ्याने माझा हात धरला आणि मराठीत म्हणाला, “अगं, ती नको म्हणतेय.”

जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीपासून मी ‘फाइन म्हणजे छान’ असं घोकलेलं होतं. ते चूक नाही, पण अपुरं आहे. पुढे मी भाषांतराच्या कामात पडले आणि लक्षात आलं की आपल्याला अडवतात ते ओळखीचेच शब्द. अनोळखी शब्द आला की माणूस कोश उघडतो. ‘फाइन’ला कोण उघडतं?

म्हणून हा लेख. मराठी माध्यमातून आलेल्या आणि इंग्रजीशी आता कामापुरता संबंध आलेल्या कुणालाही एखादा साधा शब्द अर्थ, वापर आणि उगम यांसकट कसा शिकायचा, ते ‘फाइन’च्या निमित्ताने सांगते. रीत माझी आहे, अडखळत बसवलेली. तुम्ही तुमच्या सोयीने बदला.

आधी जवळ काय काय हवं

एक वही. मोबाइलमधली नोंद चालते, पण मला वही बरी वाटते, कारण एका शब्दाला दोन समोरासमोरची पानं देता येतात.

शिकणाऱ्यांसाठी केलेला एक इंग्रजी-इंग्रजी कोश. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन यांचे असे कोश जालावर फुकट आहेत. माझा आवडता कॉलिन्सचा कॉबिल्ड. तो पहिल्यांदा १९८७ साली आला आणि त्याने अर्थ पूर्ण वाक्यात सांगायची पद्धत आणली. ‘एखादी गोष्ट फाइन आहे असं तुम्ही म्हणता तेव्हा…’ अशी सुरुवात करून तो अर्थ सांगतो. घरातलं मोठं माणूस समजावून सांगेल तसंच.

उगमासाठी एटिमऑनलाइन नावाचं संकेतस्थळ. फुकट आहे आणि नवख्याला पुरेसं आहे. मोठा ऑक्सफर्ड कोश, म्हणजे ज्याचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि पहिली आवृत्ती १९२८ साली पुरी झाली तो, याहून कितीतरी खोल जातो. पण त्याला वर्गणी पडते. मोठ्या ग्रंथालयात किंवा विद्यापीठात तो बघायला मिळतो का, ते विचारा.

आणि एक कॉर्पस, म्हणजे खऱ्या लिखाणातल्या-बोलण्यातल्या वाक्यांचा शोधता येणारा मोठा साठा. ब्रिटिश इंग्रजीचा बीएनसी दहा कोटी शब्दांचा आहे, अमेरिकन इंग्रजीचा कोका शंभर कोटींच्या वर. नाव नोंदवलं की दोन्ही वापरता येतात. त्यांचा उपयोग चौथ्या पायरीवर येईल.

इंग्रजी-मराठी कोश मी यादीत मुद्दाम शेवटी ठेवलाय. तो लागतो, पण सगळ्यात शेवटी. आधी उघडलात तर तिथला पहिला प्रतिशब्द डोक्यात घर करतो आणि मग बाकीचे अर्थ दारातूनच परत जातात.

१. तुम्हाला आधीच काय येतं, ते लिहून काढा

कोश न उघडता, हा शब्द तुमच्या कानावर कुठे कुठे पडतो ते लिहा. ‘फाइन’ची माझी यादी अशी झाली: तब्येतीच्या चौकशीला दिलेलं उत्तर. सिग्नल तोडल्यावर बसलेला फाइन. क्रिकेटमधला फाइन लेग. जे. जे.मधल्या भाच्याचं फाइन आर्ट्स. बारीक टोकाचं, फाइन पॉइंटचं पेन. विम्याच्या कागदावरची फाइन प्रिंट.

पाच-सहा ओळी होतातच. आता त्या यादीकडे बघा. दंड, तब्येत, मैदानावरची एक जागा आणि चित्रकला, या सगळ्यांना एकच शब्द कसा? हा प्रश्न पडला की निम्मं काम झालं. उत्तर सहाव्या पायरीवर आहे. लगेच तिथे उडी मारू नका, मी मारली होती आणि मग वापर शिकायचा राहूनच गेला.

२. शब्दाची जात बघा

‘फाइन’ चार कामं करतो. विशेषण: फाइन सँड. नाम: अ फाइन ऑफ फाइव्ह हंड्रेड रुपीज. क्रियापद: दे फाइन्ड हिम. क्रियाविशेषण: द पंप वर्क्स फाइन.

आपण मराठी माणसं नामात आणि क्रियापदात घसरतो. मराठीत फाइन ‘बसतो’, ‘लागतो’, ‘मारतात’. त्यामुळे इंग्रजीतही आपण तो कुठेतरी ठेवायला जातो आणि ‘पुट फाइन ऑन मी’ अशी वाक्यं होतात. इंग्रजीत सरळ क्रियापद वापरा: आय वॉज फाइन्ड. रक्कम सांगायची तर लगेच पुढे जोडा: आय वॉज फाइन्ड फाइव्ह हंड्रेड रुपीज. कारण सांगायचं तर ‘फॉर’ लावून पुढे. नामच हवं असेल तर ते ‘इम्पोज’ होतं किंवा ‘पे’ होतं.

क्रियाविशेषणात वेगळा सापळा आहे. शाळेत शिकवतात की क्रियाविशेषणाला ‘ली’ लागतो, म्हणून लोक ‘वर्क्स फाइनली’ लिहितात. ‘नीट, ठीक’ या अर्थी ‘ली’ लागत नाही. ‘ली’ लावला की अर्थ होतो ‘बारीक’ किंवा ‘नजाकतीने’: फाइनली चॉप्ड अनियन म्हणजे बारीक चिरलेला कांदा. आणि हा ‘फाइनली’ बोलताना ‘शेवटी एकदाचं’ या अर्थाच्या ‘फायनली’सारखाच ऐकू येतो. लिहिताना पहिल्यात ‘फाइन’चा ‘ई’ शाबूत राहून एकच ‘एल’ येतो, तर दुसऱ्यात ‘ए’ आणि दोन ‘एल’ येतात. पाककृतींच्या भाषांतरात ‘शेवटी चिरलेला कांदा’ मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे.

३. अर्थांचे गठ्ठे बांधा

कोशात ‘फाइन’खाली दहा-पंधरा क्रमांक दिसतील. घाबरू नका आणि पाठही करू नका. एकमेकांना चिकटणारे अर्थ एकत्र बांधा. माझे पाच गठ्ठे झाले.

पहिला, ‘ठीक’. तब्येत ठीक, तुमची वेळ मला चालेल, यंत्र नीट चालतंय. बोलण्यातला हा सगळ्यात नेहमीचा अर्थ. याची एक खोड लक्षात ठेवा: हा ‘फाइन’ कमीजास्त होत नाही. ठीक म्हणजे ठीक. त्यामुळे ‘आय अ‍ॅम व्हेरी फाइन’ हे आपल्याकडचं उत्साही उत्तर इंग्रजांच्या कानाला खटकतं. ‘व्हेरी’ लावला की शब्द पुढच्या दोन गठ्ठ्यांत उडी मारतो. व्हेरी फाइन पावडर म्हणजे अगदी वस्त्रगाळ पूड, व्हेरी फाइन पेंटिंग म्हणजे फार उंची चित्र. माणूस वस्त्रगाळ होत नाही. तब्येत फारच छान असेल तर ‘व्हेरी वेल’ म्हणा.

दुसरा, ‘उंची, कसदार’. फाइन आर्ट्स म्हणजे ललित कला, फाइन डाइनिंग, अ फाइन बोलर. यातच शुद्धतेचा अर्थ येतो आणि तो तुम्ही सराफाकडे रोज बघता. सोन्याचा ‘फाइननेस’ हजारात मोजतात. २४ कॅरेटला ९९९, २२ कॅरेटला ९१६, १८ कॅरेटला ७५०. हॉलमार्कवरचा ९१६ आकडा म्हणजे हजार भागांत ९१६ भाग चोख सोनं. इथे ‘फाइन गोल्ड’ला ‘छान सोनं’ म्हणालात तर सराफ हसेल. त्याचा शब्द ‘चोख’.

तिसरा, ‘बारीक’. फाइन थ्रेड, फाइन रेन, फाइन प्रिंट. हवेच्या प्रदूषणाच्या बातम्यांत येणारे पीएम २.५ कण, म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान, त्यांना इंग्रजीत ‘फाइन पार्टिकल्स’ म्हणतात.

या तिसऱ्या गठ्ठ्याने मला चांगलाच धडा दिला. एका बांधकाम पुस्तिकेच्या भाषांतरात मी ‘फाइन सँड’ला ‘चांगल्या प्रतीची वाळू’ लिहिलं. संपादकाने वाचलं, दुसऱ्याने मुद्रितं तपासली, कुणाला काही वाटलं नाही. कारण वाक्य अगदी शहाण्यासारखं दिसत होतं! गिलाव्याला चांगल्या प्रतीची वाळू वापरा, यात खटकण्यासारखं काय आहे? शेवटी एका गवंड्याने विचारलं, “म्हणजे बारीक का जाड, ते सांगा ना.” बांधकामात ‘फाइन अ‍ॅग्रिगेट’ म्हणजे ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीतून पडणारा माल, थोडक्यात वाळू. चाळणीवर राहते ती ‘कोर्स’, म्हणजे खडी. प्रतीचा तिथे संबंधच नाही.

म्हणून इशारा देते: वाक्यात न बसणारा चुकीचा अर्थ तुम्हाला थांबवतो, तो तुमचा मित्रच समजा. भीती बाळगायची ती वाक्यात अगदी फिट्ट बसणाऱ्या चुकीच्या अर्थाची. ओळखीच्या शब्दांना असे अर्थ हटकून असतात.

चौथा, हवामान. ब्रिटिश अंदाजात ‘इट विल बी फाइन’ म्हणजे पाऊस नाही, आकाश मोकळं. आपल्याकडे याला ‘उघडीप’ हा नेमका शब्द आहे. ‘छान हवा’ म्हणू नका. जुलैत पेरण्या खोळंबलेल्या शेतकऱ्याला उघडीप छान वाटत नाही.

पाचवा, दंड. हा नामाचा आणि क्रियापदाचा. सरकारी किंवा कायद्याचा मजकूर हाताळणार असाल तर इथे जरा थांबा. ‘फाइन’, ‘पेनल्टी’ आणि ‘लेट फी’ यांची आपण बोलताना सरमिसळ करतो. कायद्याच्या भाषेत गुन्हा शाबीत झाल्यावर न्यायालय शिक्षा म्हणून जे पैसे भरायला लावतं, तो ‘फाइन’. भारतीय न्याय संहितेच्या चौथ्या कलमात शिक्षांचे प्रकार दिलेत, त्यात मृत्युदंड, जन्मठेप, कारावास, मालमत्ता जप्ती, समाजसेवा यांच्या रांगेत ‘फाइन’ बसलाय. कायद्याच्या मराठीत त्याला ‘द्रव्यदंड’ म्हणत आलेत. ‘पेनल्टी’ला ‘शास्ती’ हा शब्द रूढ आहे, घरपट्टी थकवलेल्यांना तो चांगला ठाऊक असतो. आणि वाचनालयाचं पुस्तक उशिरा दिल्याबद्दलचे दोन रुपये म्हणजे खरं तर विलंब शुल्क, त्याला आपण प्रेमाने फाइन म्हणतो एवढंच.

फाइन लेग कुठल्या गठ्ठ्यात? तिसऱ्याच्या कडेला. क्रिकेटमध्ये फलंदाजाच्या मागच्या बाजूला, विकेटच्या सरळ रेषेला जितकं जवळ तितकं ‘फाइन’, आणि त्या रेषेशी काटकोनाकडे जाल तितकं ‘स्क्वेअर’. समालोचक ‘फाइनर’ म्हणतो तेव्हा तो फटक्याचं कौतुक करत नसतो, दिशा सांगत असतो. कित्येक वर्षं मला ते कौतुक वाटत होतं.

४. शेजारी कोण बसतं, ते मोजा

आता कॉर्पस उघडा आणि शोधखिडकीत शब्द टाका. दोन-तीनशे वाक्यं समोर येतील. सगळी वाचायची नाहीत. आधी फक्त ‘फाइन’च्या लगेच उजवीकडचा शब्द वाचत खाली जा, मग फक्त डावीकडचा. अर्ध्या तासात हाताला लागतं की उजवीकडे ‘लाइन’, ‘आर्ट्स’, ‘प्रिंट’, ‘डाइनिंग’ हे सोबती पुन्हा पुन्हा येतात, आणि डावीकडे ‘जस्ट’, ‘परफेक्टली’, ‘अब्सोल्यूटली’.

डावीकडची ती जोडी वहीत टिपा. वर म्हटलं की ‘ठीक’ अर्थाला ‘व्हेरी’ चालत नाही. मग जोर द्यायचा कसा? तर ‘जस्ट फाइन’, ‘परफेक्टली फाइन’. हे नियमाच्या पुस्तकात शोधत बसण्यापेक्षा वाक्यांच्या ढिगात लवकर सापडतं.

एकच काळजी घ्या. कॉर्पसमध्ये ‘इट्स फाइन’ आणि ‘अ फाइन’ दोन्ही एकाच ढिगात येतात. नाम, विशेषण असं वेगळं करून शोधायची सोय दिलेली असते, ती वापरा.

५. सूर ऐका

हे कोश फार कमी सांगतात आणि चहाची फजिती इथेच झाली.

कुणी काही देऊ करतं तेव्हा ‘आय अ‍ॅम फाइन, थँक्स’ म्हणजे ‘नको, आहे तेवढं पुरे’. पंगतीत आपण ताटावर हात आडवा धरतो, तसंच. मात्र आपल्याकडे हात आडवा धरणाऱ्याला आणखी एक जिलबी वाढणं हाच पाहुणचार असतो, तिकडे तसं नाही. तुम्हालाच नको असेल तर बेधडक हे वाक्य वापरा. नुसतं ‘नो’ म्हणण्यापेक्षा ते मऊ पडतं.

‘फाइन’ एकटाच, पूर्णविरामासकट, संदेशात आला तर जपून. ‘शॅल वी मीट टुमॉरो इन्स्टेड?’ ‘फाइन.’ इथे समोरचं माणूस राजी आहे, पण खूश नाही. आपल्याकडे घरी कुणी ‘बरं’ हा शब्द जरा लांबवून म्हणतं, तेव्हा जे कळायचं ते कळतं ना, तसंच. खरंच चालणार असेल तर ‘दॅट्स फाइन विथ मी’ किंवा ‘फाइन बाय मी’ असं दोन शब्द जास्त खर्चून लिहा.

तिसरा सूर उपरोधाचा. ‘अ फाइन फ्रेंड यू आर!’ किंवा ‘अ फाइन मेस’. याचं भाषांतर करायला आपल्याला काहीच कष्ट नाहीत, कारण ‘छान!’ हा शब्द आपण नेमका तसाच वापरतो. दूध उतू गेल्यावर आई ‘छान!’ म्हणते तेव्हा ती दुधाचं कौतुक करत नसते.

६. मग उगमाकडे जा

आता एटिमऑनलाइन उघडा. तुम्हाला ‘फाइन’ दोनदा दिसेल, विशेषण वेगळं आणि नाम वेगळं. दोन्ही जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आले, आणि दोघांचंही मूळ एकच निघतं: लॅटिन ‘फिनिस’. अर्थ शेवट, सीमा, हद्द.

शेवटापासून ‘उंची’ कसं झालं? एखादी गोष्ट वाढत वाढत जिथवर जाऊ शकते ते शेवटचं टोक, म्हणजे तिचं उत्तम रूप. इंग्रजीची वाट सोडा, मराठीचाच शब्द घ्या: ‘पराकाष्ठा’. काष्ठा म्हणजे हद्द, सीमा. पराकाष्ठा म्हणजे पलीकडची हद्द. आपणही उत्तमाला टोकाशीच नेऊन बसवलंय. फ्रेंचमध्ये ‘फिन’ म्हणजे पूर्णत्वाला गेलेलं, कसलीही भेसळ नसलेलं. शुद्ध सोन्याचा अर्थ इथला. आणि शुद्ध करणं म्हणजे गाळणं, चाळणं, कुटणं. जे जास्त गाळलं ते जास्त बारीक. कापड उंची तितकं त्याचं सूत तलम. असा ‘उंची’पासून ‘बारीक’ अर्थ निघाला. ‘ठीक’ हा अर्थ म्हणजे त्याच उंचीचा रोजच्या वापराने झिजलेला रुपया. कौतुकाचे शब्द सगळ्याच भाषांत असे झिजतात.

आता दंड. ही गोष्ट मला जास्त आवडते, कारण तिला कागदपत्रांचा पुरावा आहे. मध्ययुगीन इंग्लंडच्या कायद्यात ‘फिनिस’ म्हणजे वादाचा शेवट, समेट. दोन पक्ष जमिनीवरून न्यायालयात येत आणि तडजोड करून वाद मिटवत. बऱ्याचदा वाद लुटुपुटूचाच असे. जमिनीच्या हस्तांतरणाला न्यायालयाचा पक्का कागद मिळावा म्हणून तो मुद्दाम उभा करत. हा समेट एकाच चर्मपत्रावर तीनदा लिहीत, दोनदा वर शेजारी शेजारी आणि एकदा खाली आडवा. मग ते चर्मपत्र नागमोडी कापत. वरचे दोन तुकडे दोन पक्षांना आणि तळचा, ज्याला ‘फूट’ म्हणत, तो राजाच्या खजिन्यात. पुढे कुणी खोटा कागद आणला तर नागमोडी कड जुळवून बघायची. खजिन्यात तळचा तुकडा ठेवण्याची ही पद्धत ११९५ साली सुरू झाली आणि हा सगळा प्रकार कायद्याने बंद व्हायला १८३३ साल उजाडलं. ‘फीट ऑफ फाइन्स’ नावाने ते तुकडे आजही लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मजकुराची सुरुवात लॅटिनमध्ये ‘हा अखेरचा समेट’ अशी.

आपल्याकडची फारखत आठवा. देणंघेणं संपलं, आता कुणाचा कुणावर हक्क नाही, हे लिहून देण्याचा कागद. त्याच जातीची गोष्ट.

समेट काही फुकट होत नसे. प्रकरण संपवायला पैसे मोजावे लागत. हळूहळू त्या पैशांनाच ‘फाइन’ म्हणू लागले. गुन्ह्याबद्दल लादलेली रक्कम हा आजचा अर्थ सोळाव्या शतकात रूढ झाला. म्हणजे सिग्नलवर पावती फाडून तुम्ही जे करता, ते मूळ अर्थाने ‘मिटवणं’च आहे. मराठीत वादही मिटवतात आणि हिशेबही, क्रियापद एकच. आपल्या ‘दंड’ची वाट मात्र अगदी निराळी: संस्कृतात काठी, मग काठीने केलेली शिक्षा, मग शिक्षेचे पैसे. व्यायामशाळेतले दंड आणि हाताचा दंड त्याच घरातले. एका भाषेने शेवट बघितला, दुसरीने काठी.

उगमाच्या पायरीवर एक सापळा आहे. मूळ अर्थ कळला की तोच ‘खरा’ अर्थ, असं वाटू लागतं. नाही. आज ‘फाइन’ म्हणजे ‘शेवट’ असं कुणी वापरलं तर कुणाला कळणार नाही. ते जुनं रूप फक्त दोन ठिकाणी दिसतं: जुन्या वळणाच्या लिखाणात ‘थोडक्यात, शेवटी’ या अर्थी ‘इन फाइन’, आणि पाश्चात्त्य संगीताच्या कागदावर तुकडा जिथे संपतो तिथे लिहिलेलं इटालियन ‘फिने’. अक्षरं तीच, उच्चार वेगळा.

७. कूळ शोधा, तोतये बाजूला करा

मूळ हाताशी आलं की एका शब्दाच्या कष्टात दहा शब्द मिळतात. स्वयंपाकघरातलं रिफाइंड तेल, पुन्हा गाळून शुद्ध केलेलं. फायनल. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेचा ग्रँड फिनाले. फिनिश, आणि सामना संपवून येणारा फिनिशर. डिफाइन म्हणजे हद्द आखणं, व्याख्या. कन्फाइन म्हणजे हद्दीत डांबणं. इन्फिनिटी, हद्दच नाही. फायनान्स, मूळ अर्थ देणं चुकतं करणं. अ‍ॅफिनिटी, एकमेकांच्या हद्दीला हद्द लागलेली, म्हणून जवळीक. आणि सगळ्यात गमतीचा पॅराफिन: या मेणाची दुसऱ्या पदार्थांशी फारशी रासायनिक जवळीक नाही, म्हणून १८३०च्या सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञ रायशेनबाख याने ‘कमी’ आणि ‘जवळीक’ हे लॅटिन शब्द जोडून ते नाव केलं.

पण आवाज सारखा म्हणून नातं जोडू नका. फाइंड, माशाचा फिन, फिनलंड, यांचा या घराण्याशी संबंध नाही. फरशी पुसायच्या फिनाइलमधल्या ‘फिनाइल’चं मूळ तर ग्रीक आहे, ‘चमकणं’ या अर्थाचं. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या शब्दांच्या गोष्टी बहुतेक याच जातीच्या असतात: आवाज जुळवायचा आणि गोष्ट रचायची. कुठल्या साली, कुठल्या लिखाणात हा शब्द आधी दिसला, याचं उत्तर गोष्टीत नसेल तर ती पुढे ढकलू नका.

८. वाक्प्रचार, आठ-दहाच

सगळे गोळा करायचा मोह होतो. आवरा. जे वाचनात दोनदा भेटले तेवढेच घ्या, आणि मराठी वाक्प्रचार सापडला नाही तर साधं मराठी लिहा.

‘कट इट फाइन’: वेळ अगदी काठावर आणणं. सुटती लोकल धावत पकडणाऱ्यांचा रोजचा उद्योग. ‘नॉट टु पुट टू फाइन अ पॉइंट ऑन इट’: स्पष्टच बोलायचं तर. ‘डाउन टु अ फाइन आर्ट’: एखाद्या गोष्टीत हातखंडा असणं. ‘अ फाइन लाइन’: दोन गोष्टींमधली पुसट रेघ. ‘वन फाइन डे’: एके दिवशी, आणि त्या दिवशी हवा कशी होती याच्याशी काही घेणंदेणं नाही. ‘फाइन वर्ड्स बटर नो पार्सनिप्स’ला तर आपल्याकडे ‘बोलाचीच कढी, बोलाचाच भात’ तयारच आहे.

‘विथ अ फाइन-टूथ कोम’ म्हणजे कसून तपासणं. इथे ‘फाइन’ दातांना लागतो, कंगव्याला नाही. बारीक दातांचा कंगवा, म्हणजे आपली फणी. उवा काढायची. हे चित्र डोळ्यांपुढे आलं की जोडणी कधी चुकणार नाही. खुद्द इंग्रजही ते ‘फाइन’ आणि ‘टूथकोम’ असं तोडून लिहितात.

९. आपली नोंद लिहा

इथवर आलात की कोश मिटा आणि दोन पानं भरा. डाव्या पानावर गठ्ठे, प्रत्येकाखाली मराठी शब्द एकच नव्हे तर संदर्भासकट: सोनं असेल तर चोख, वाळू असेल तर बारीक, कापड असेल तर तलम, हवा असेल तर उघडीप, कला असेल तर ललित. उजव्या पानावर स्वतः रचलेली पाच वाक्यं, कोशातली नव्हे, तुमच्या घरातली, ऑफिसातली. खाली कोपऱ्यात मूळ, एका ओळीत. आता इंग्रजी-मराठी कोश उघडा आणि तुमचे प्रतिशब्द त्याच्याशी ताडून बघा. एखादा त्याच्याकडे नसलेला तुमच्याकडे असेल, तेव्हा फार बरं वाटतं.

एका शब्दाला मला सुरुवातीला दोन संध्याकाळी लागत. आता तासाभरात होतो. आठवड्याला एक पुरे.

पुढचा शब्द निवडताना ‘सेट’ किंवा ‘रन’ घेऊ नका. त्यांचे अर्थ शेकड्यांनी आहेत, वही संपेल आणि उत्साहही. ‘फेअर’ घ्या: गोरा, न्याय्य, बरा आणि जत्रा. यातल्या तिघांचं मूळ एक आहे आणि चौथा बाहेरचा. कोण, ते सहाव्या पायरीवर कळेल.